सीपीयू रिकामा नाही

मी सही करणार नाही असं म्हणाले, तेव्हा किशोर सरांना आधी वाटलं मी चेष्टा करतेय. अकरा वर्षांत मी त्यांच्या एकाही कागदाला नाही म्हटलेलं नव्हतं. ते हसले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मैनाताई, दसरा कालच झाला, दिवाळी तोंडावर आलीय. मध्येच हा कसला रुसवा?"

"रुसवा नाही सर. आकडा खोटा आहे."

त्यांचं हसू गेलं. केबिनमध्ये शौनकही बसला होता. तो आकडा त्यानंच काढलेला. तो खुर्चीत एकदम ताठ झाला.

आता आकडा कसला ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच तणतणतेय. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत किशोर सरांची छोटी कंपनी आहे, पस्तीस माणसांची. आम्ही नेटवर्कची खोकी बनवतो. शिवणाच्या डब्याएवढं लोखंडी खोकं, आत एक सीपीयू, मागे केबली लावायच्या जागा. सव्वीस खोक्यांची ऑर्डर होती, इगतपुरीकडच्या धरणांखाली जी गावं आहेत त्यांच्यासाठी. नदीवर चार कॅमेरे बसणार आणि त्यांची चित्रं आमच्या खोक्यातून नाशिकला पोचणार. आणि त्याच खोक्यात, त्याच सीपीयूवर, घेणाऱ्यांचा स्वतःचा एक प्रोग्राम बसणार. पाणी किती चढलं ते सतत बघायचं आणि वेळ आली की गावातला भोंगा वाजवायचा, हे त्याचं काम. तो प्रोग्राम अजून आमच्याकडे आलाही नव्हता. त्यांनी फक्त एक अट घातली होती. चारही कॅमेरे जोरात चालू असताना तुमच्या कामाला सीपीयूचा निम्म्याहून जास्त वेळ जाता कामा नये, उरलेला निम्मा आमच्या भोंग्याला.

रिपोर्टात त्याची एकच ओळ होती. पूर्ण भारावर सीपीयूचा वापर, चौदा टक्के. त्याच्या खाली चाचणी घेणाऱ्याची सही. ती चाचणी घेणारी मी, आणि त्या सहीशिवाय माल गेटाबाहेर जात नाही.

चौदा टक्के! चार कॅमेऱ्यांचा लोंढा अंगावर येतोय आणि आमचं खोकं पाय पसरून बसलंय म्हणे. मला ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. कॅमेरे चालू केले की खोक्याला हात लावून बघायचा, चांगलं कढत लागायचं. बसून राहिलेला माणूस घामाघूम होतो का कधी? मी शौनकला तसं विचारलं.

"ताई, स्क्रीनवर चौदा दिसतंय ना? मग चौदा."

शौनक वाईट पोरगा नाही हं. पंचवटीतला, घरात चार पिढ्या पूजा सांगणारे, हा पुण्याला शिकून इंजिनियर झालेला. हुशार आहे, खोटं तर मुळीच बोलणार नाही. पण स्क्रीनवर काही दिसलं की त्याला साक्षात देव भेटल्यासारखं होतं. मी आपली नांदगावकडची डिप्लोमावाली. माझं शिक्षण सगळं या टेबलावर झालं, आणि टेबलानं मला एकच शिकवलंय, की आकडा दिसला की आधी विचारायचं, बाबा तू आलास कुठून?

तो चौदा कुठून आला होता? तर सीपीयू सेकंदाला शंभर वेळा, ठरलेल्या ठोक्याला, स्वतःकडेच डोकावून बघतो. कामात आहे का रिकामा? शंभरातल्या जितक्या वेळा कामात सापडला तितके टक्के. ऐकायला कसं सरळ वाटतं. त्यात गडबड काय असेल ते मला आठवडाभर सापडेना. सापडलं ते कॅन्टीनमध्ये.

आमच्या कॅन्टीनच्या सुलाबाईंच्या हाताखाली एक बाई होती, तिला ऑफिसनं काढून टाकलं. का, तर ऑफिसातला एक जण दोन दिवस दर तासाला कंपनीचा भोंगा झाला की कॅन्टीनमध्ये डोकावून गेला आणि लिहून आला, सुलाबाई बहुतेक वेळ बसलेल्या असतात, मदतीची गरज नाही. सुलाबाई त्या दिवशी अशा काही पेटल्या होत्या की चहाचा कपसुद्धा आपटून ठेवत होत्या.

"अगं, भोंगा झाला की चहा जातो, चहा गेला की मी टेकते! मुडदा नेमका तेव्हाच येतो बघायला. मधल्या वेळात पावणेदोनशे पोळ्या काय याची आजी लाटते का?"

"मग त्याला सांगायचं ना."

"सांगितलं की. म्हटलं मला नको बघू, ही परात बघ. हात जरा मोकळा झाला की मी लसूण सोलत असते. ज्या दिवशी परात भरली त्या दिवशी सुलाबाई रिकामी. ज्या दिवशी तळाला चार पाकळ्या, त्या दिवशी कामानं मेली. म्हटलं लसूण मोज, मला काय मोजतो!"

माझा चहा तसाच हातात राहिला. मी उठले आणि सरळ टेबलाशी जाऊन शौनकनं लिहिलेलं सगळं उघडलं. आणि सापडलं! नेटवर्कवरून आलेलं पॅकेट आल्या आल्या हाताळायचं नाही, साठवायचं आणि ठोका पडला की सगळी एकदम उरकायची, अशी सोय त्यानं केली होती. आणि स्वतःकडे डोकावायचं तेही त्याच ठोक्याला. आधी डोकावणं, मग उरकणं. पुढचा ठोका पडायच्या आत काम संपलेलं. म्हणजे बघावं तेव्हा साहेब टेकलेले! कधी काम लांबलं आणि पुढच्या ठोक्याला सापडलं, तेवढंच ते चौदा टक्के.

मग मी सुलाबाईंची परात सीपीयूला लावली. एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा मान सगळ्यात शेवटचा. दुसरं कुठलंही काम आलं की यानं बाजूला व्हायचं, आणि सीपीयू मोकळा झाला की मुकाट्यानं एक-एक मोजत बसायचं. युक्ती काही माझी नाही, जगात जुनी आहे. मला सुलाबाईंमुळे सुचली इतकंच. मी त्याचं नाव ठेवलं लसूण, आणि त्यानं मोजलेल्या आकड्यांना म्हणायचे पाकळ्या. आधी खोकं पूर्ण रिकामं ठेवून सेकंदाला किती पाकळ्या सोलून होतात ते बघायचं. मग कॅमेरे जोडून बघायचं. जितक्या कमी झाल्या तितका सीपीयू कामात. यात डोकावणं नाही की ठोका नाही. पळवाटच नाही.

पूर्ण रिकामं खोकं मिळायला मी दसऱ्याचा दिवस धरला. त्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा असते, कोणी कशाला काम लावत नाही. सगळे प्रसाद खात होते आणि मी माझ्या टेबलाशी बसून पाकळ्या मोजून घेतल्या. दुसऱ्या दिवशी चारही कॅमेरे जोडले आणि परत मोजल्या. उत्तर आलं सत्तर. चौदा नाही, सत्तर टक्के! पन्नासची अट, आणि आम्ही वीसनं बाहेर. म्हणून त्या दिवशी केबिनमध्ये मी सही केली नाही.

किशोर सरांनी सगळं ऐकून घेतलं. लसूण म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण ऐकून घेतलं. तो माणूसही टेबलावरूनच वर आलाय. एका गाळ्यात, एका सोल्डरिंग गनवर कंपनी उभी केलीय त्यांनी. म्हणाले, "ठीक आहे. बुधवारी सगळ्यांसमोर दाखवा. पटलं तर बघू."

बुधवारी मीटिंगला आठ जण होते. मी खोकं मधे ठेवलं, कॅमेरे जोडले आणि लसूण चालू केला. मोठ्या पडद्यावर सत्तर आलं. मी हाताची घडी घालून उभी राहिले. खरं सांगते, मनातून मला फार मोठ्ठं वाटत होतं.

शौनक नम्रपणे म्हणाला, "ताई, एक करून बघू का? केबली काढू. खोकं रिकामं झालं की तुमच्या प्रोग्रामनं शून्य दाखवायला पाहिजे. बरोबर?"

"काढ की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

त्यानं चारही केबली काढल्या. पडद्यावरचा आकडा खाली आला. पन्नास, तीस, दहा, शून्य. आणि शून्यावर थांबलाच नाही! उणे वीस, उणे चाळीस, उणे साठ. तिथं जाऊन स्थिर झाला.

सगळे पडद्याकडे बघत होते. मग मार्केटिंगचा संघर्ष म्हणाला, "उणे साठ? म्हणजे खोकंच आपल्याला काम सांगतंय वाटतं!" आणि सगळे फुटले. हसत काय होते, टेबल बडवत होते. कोणीतरी म्हणालं, नाचता येईना अंगण वाकडं. शौनक तेवढा हसला नाही, खाली बघत राहिला, आणि त्याचंच मला जास्त लागलं. माझे कान तापले. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"झालं समाधान?" किशोर सर म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "शुक्रवारी टेम्पो येतोय. सही करा आणि विषय संपवा. नाही केलीत तर मग मलाही विचार करावा लागेल, हे टेबल तुमच्याकडे ठेवायचं का ते."

"शुक्रवारी बघू," मी म्हणाले आणि खोकं काखेत मारून बाहेर पडले. रडले नाही. जिन्यात पोचेपर्यंत तरी नाही.

सकाळी डबा भरताना नवऱ्याला सगळं सांगितलं. योगेशचं सिडकोत टायरचं दुकान आहे, माणूस शांत. तो म्हणाला, "करून टाक ना सही. तुझ्या एका सहीनं धरण फुटणार आहे का?"

"धरण नाय फुटणार. भोंगा उशिरा वाजंल." मला राग आला की माझं नांदगाव बाहेर येतं.

"पण तुझा प्रोग्रामच चुकला ना काल?"

"चुकला. म्हणून चौदा खरं झालं का? माझं गणित चुकलं तर तुझं आपोआप बरोबर येतं, असं कुठल्या शाळेत शिकवतात?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस बाई! नोकरी गेली म्हणजे?"

"तर तुझ्या दुकानात टायर फुगवीन. लय हवा भरलीय अंगात आत्ता."

तो हसला, मी नाही. डबा उचलला आणि निघाले.

टेबलाशी आले आणि दसऱ्यापासूनच्या नोंदी एकेक ओळ करून वाचायला बसले. खोकं दर मिनिटाला स्वतःबद्दल बरंच काही लिहून ठेवतं. त्यात एक रकाना तापमानाचा असतो. मी आजवर कामाच्या नोंदी बघत होते, तो रकाना कोण बघतोय? आता बघितला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, चारही कॅमेरे जोडलेले असताना, अठ्ठावन्न. आणि दसऱ्याच्या दिवशी, काहीही काम नसताना, एक्क्याण्णव.

एक्क्याण्णव? रिकाम्या खोक्याला?

आणि मग मी कपाळावर हात मारून घेतला. दसऱ्याला माझ्या टेबलाची पूजा मी स्वतः केली होती. खोक्याला हळदकुंकू लावलं, आपट्याची पानं ठेवली आणि झेंडूची माळ घातली. माळ लांब होती, म्हणून दुहेरी गुंडाळली. चांगली गच्च. बाजूच्या जाळ्या, जिथून आतला पंखा हवा ओढतो, त्या सगळ्या फुलांनी बुजवून टाकल्या. आत सीपीयू भाजत होता. आणि सीपीयू भाजायला लागला की जळू नये म्हणून आपली चाल आपणच मंद करतो. तेवढ्यात मी शेजारी बसून, प्रसादाचा शिरा खात, त्याचा पूर्ण वेग म्हणून तो मंद वेग लिहून घेत होते. त्या दिवशी सेकंदाला सव्वासहाशे पाकळ्या निघाल्या होत्या. बुधवारी मोकळ्या हवेत, केबली काढल्यावर, त्यानं हजार सोलल्या. सव्वासहाशेच्या जागी हजार, म्हणून उणे साठ!

दुसऱ्या कोणाची चूक असती तर मी त्याला सोडला नसता. ही माझी होती. मोजमाप करणारी बाई मी, आणि मोजायच्या वस्तूचा गळा मीच आवळून ठेवला होता. मी स्वतःला दोन शिव्या हासडल्या, नांदगावच्या, इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मग पदर खोचला.

खोकं मोकळ्या हवेत ठेवलं, तापमानावर डोळा ठेवला आणि पुन्हा मोजलं. रिकामं असताना हजार पाकळ्या. केबली काढल्या तर वापर शून्य, शून्याखाली एक तसूभर नाही. चारही कॅमेरे जोडले. पाकळ्या पडल्या एकशे नव्वद. म्हणजे शंभरातले एकोणीस रिकामे आणि एक्क्याऐंशी कामात. पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या चुकीनं कंपनीचं भलंच केलं होतं. खरा आकडा सत्तर नव्हता, त्याहून वाईट होता. मला एकदम इतकं बरं वाटलं की काय सांगू. लाज वाटली होती ती सगळी निघून गेली आणि तिच्या जागी नुसता संताप राहिला.

शुक्रवारी अकरा वाजता टेम्पो गेटात लागला. सव्वीस खोकी पुठ्ठ्यांत भरून आत चढलेली. मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रिपोर्ट नव्यानं छापून ठेवलेला, त्यात चौदा तसाच. शौनक कोपऱ्यात उभा.

मी आधी स्वतःची चूक सांगितली. तापमानाचा रकाना पुढ्यात ठेवला, माळेचं सांगितलं, काही लपवलं नाही. मग पाच वेळचे आकडे दिले.

किशोर सरांनी कागद नुसता सरकवला. "परवा सकाळी सत्तर. परवाच थोड्या वेळानं उणे साठ. आज एक्क्याऐंशी. तुमच्या तराजूवर कोणी कोथिंबीर तरी घेईल का, मैनाताई?"

"तराजूत खडा होता, तो मी काढला. आणि काढला ते तुम्हाला येऊन सांगितलं. तुमच्या चौदामध्ये खडा आहे, तो कोणी काढायचा?"

"आवाज खाली."

"आवाज खालीच आहे सर. वर गेला तर टेम्पोवाल्याला ऐकू जाईल."

त्यांनी डोळे मिटले, नाक चिमटीत धरलं. मग जरा समजुतीनं म्हणाले, "हे बघा. दोन पावसाळे तरी त्या गावांत काही होत नाही. तोवर आपण नवीन खोकं देऊ. तुम्ही एवढं मनाला का लावून घेता? तिकडे कोणी राहतं का तुमचं?"

मला असं काही लागलं ते! वाटलं, हाच प्रश्न विचारायला थांबले होते का सगळे?

"नाही राहत," मी म्हणाले. "माझं तिकडं काळं कुत्रंसुद्धा नाही. राहायला पाहिजे का? माझी बहीण असली तर एक्क्याऐंशी आणि नसली तर चौदा, असं मोजायचं का मी? मग मला टेबलावर कशाला बसवलं? नातेवाइकांची यादी मागवायची होती!"

किशोर सर उठून उभे राहिले. चेहरा लालबुंद झाला होता. "बास. शौनक, तू कर सही. आकडा तू काढलास, तुझीही चालते."

शौनक पुढे आला. टेबलावरचा रिपोर्ट हातात घेतला, वाचला आणि खाली ठेवला.

"सर, मला अर्धा तास द्या. एकदा मी स्वतः करून बघतो."

"तुझाच आकडा आहे ना रे तो?"

"हो सर. म्हणूनच."

तो गेला. आम्ही दोघं केबिनमध्ये एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. खाली टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी मनात म्हटलं, वाजव बाबा. मी शौनकच्या मागे गेले नाही. गेले असते तर सर म्हणाले असते, बाईनं शिकवून ठेवलं पोराला.

चाळीस मिनिटांनी तो आला. कपाळावर घाम होता.

"माझे ऐंशी आले," तो म्हणाला. "ताईंचे एक्क्याऐंशी, माझे ऐंशी. आणि सर, मी अजून एक केलं. ती पॅकेट उरकायची वेळ मी अर्ध्या ठोक्यानं पुढे सरकवली. बाकी कशाला हात लावला नाही. लसूण नाही, काही नाही, आपला तो नेहमीचा स्क्रीनवरचा आकडा. तो चौदाचा एकदम अठ्ठ्याहत्तर झाला." त्यानं कागद टेबलावर ठेवला. "चूक माझी आहे. मी मोजलं ते चुकीच्या क्षणाला मोजलं, दर वेळी. मी सही नाही करत."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण ती वेळ नव्हती.

"म्हणजे तुम्ही दोघांनी ठरवलंय तर," किशोर सर म्हणाले. "ही ऑर्डर गेली की काय होईल, माहितीय? पस्तीस घरं आहेत या कंपनीवर. माझं एकट्याचं नाही."

"माहितीय," मी म्हणाले. "त्यातलं एक माझं आहे. मला घालवायचं तर घालवा, आत्ता घालवा, भांडणार नाही. पण माल पाठवायचा तर कागदावर नाव लागतंच. माझं मिळणार नाही, शौनकचं मिळणार नाही. तुम्ही मालक आहात, तुमचं चालतं. तुम्ही करा." आणि मी रिपोर्ट उचलून त्यांच्या समोर ठेवला, त्या ओळीपाशी. "करा सर. चौदा. तुम्ही स्वतः ऐकलंय आत्ता अठ्ठ्याहत्तर, ऐंशी आणि एक्क्याऐंशी. ते ऐकून चौदाखाली स्वतःचं नाव घाला. मी इथंच उभी आहे, बघते."

त्यांनी झटक्यात पेन घेतलं. माझ्यावरच्या रागानंच घेतलं. कागदावर टेकवलं. 'कि' लिहिला.

आणि थांबले.

बराच वेळ थांबले. पेनाच्या टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत गेला. शौनकनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. खाली टेम्पोवाल्यानं इंजिन चालू केलं होतं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. अकरा वर्षांपूर्वी याच हातानं मला सोल्डर कसं धरायचं ते दाखवलं होतं, आणि आता तो हात एक अक्षर पुढे जात नव्हता.

"नाही होत," ते पुटपुटले.

मग खुर्ची मागे सारून खिडकीशी गेले, काच उघडली आणि कंपनीत कोणी कधी ऐकला नसेल असा आवाज लावला. "ए, उतरव! सगळा माल खाली उतरव!"

इंजिन बंद झालं. खाली कोणीतरी विचारलं, का म्हणून? ते काच लावून परत आले आणि खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले होते.

मी रिपोर्ट माझ्याकडे ओढला. त्यांचा तो 'कि' खोडला, वरचे चौदा खोडले, बाजूला एक्क्याऐंशी लिहिलं. अट पूर्ण होत नाही, तेही लिहिलं, ठळक. खाली सही केली. गिचमिड नाही, पूर्ण नाव, वाचता येईल असं. मैना पुंजा आहेर. बापाचं नाव मी एरवी लावत नाही, त्या दिवशी लावलं.

"खाडाखोड झालेल्या कागदावर मालकाची सही लागते सर," मी म्हणाले.

"तुम्ही मला बुडवणार, मैनाताई."

"बुडायचं ते आपण बुडू. भोंग्याखाली झोपलेल्यांनी कशाला?"

त्यांनी वर पाहिलं. राग होता डोळ्यांत, अजून पुष्कळ होता, आणि तो पुढे कितीतरी दिवस राहिला. पण त्यांनी कागद घेतला, माझ्या नावाखाली हात टेकवला आणि एक्क्याऐंशीवर सही केली.